कॉलेज लेकीला बघू द्या, तुम्ही हिशोबाचं बघा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत, आयटीत, लेक अकरावीला, तिला केमिस्ट्री मनापासून आवडते आणि नाटकही सोडायचं नाहीये, आणि तिने यादीत कार्लटन, ग्रिनेल, स्वॉर्थमोर अशी नावं टाकलीत जी तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसातल्या मित्रांनी कधी ऐकलेली नाहीत. एप्रिलच्या सुट्टीत मिनेसोटा आणि आयोवाचा दौरा ठरतोय आणि तुम्ही विचारताय की हजार-दोन हजार मुलांच्या कॉलेजसाठी एवढं विमानाने जाण्यात अर्थ आहे का, गेलो तर नक्की बघायचं काय, आणि तिथे इंजिनिअरिंग नाही मग पुढे नोकरीचं काय. शेवटी धाकट्याला बरोबर न्यावं का तेही विचारलंय.

जा. नक्की जा. मोठी युनिव्हर्सिटी न बघताही बरीचशी कळते, पण छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे जिथे सायन्सपासून नाटकापर्यंत सगळं मिसळून शिकता येतं आणि भर पदवीच्या मुलांवरच असतो, ते कागदावर कळतच नाही. रँकिंग, फोटो, ब्रोशर सगळीकडे सारखंच दिसतं, हिरवळ, विटांची जुनी बिल्डिंग, झाडाखाली बसलेली चार मुलं. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजणार आहात ती गोष्ट म्हणजे शिकवणारा माणूस आणि शिकणारं पोर यांच्यातलं अंतर किती कमी आहे, आणि ते तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

हे अंतर कमी का असतं त्याला साधं कारण आहे. या कॉलेजांमध्ये बहुतेक ठिकाणी पीएचडीचे विद्यार्थीच नसतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचा वर्गही प्रोफेसरच घेतात, लॅबही तेच बघतात, आणि रिसर्चला हाताखाली माणूस लागतं तेव्हा ते बीएच्या मुलांनाच घेतात कारण दुसरं कुणी नसतंच. म्हणून लेक केमिस्ट्री करणार असेल तर लहान कॉलेज म्हणजे लहान संधी असं मनात आणू नका. जेनिफर डाउडना, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल, पदवी पोमोना या अशाच छोट्या कॉलेजची. थॉमस चेक, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल, पदवी ग्रिनेलची, म्हणजे तुमच्या लेकीच्या यादीतलंच कॉलेज.

आणि तुम्ही आयटीतले, म्हणून अजून एक सांगते. इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस १९४९ चा ग्रिनेलचाच. ट्रान्झिस्टरचा शोध बेल लॅब्समध्ये लागला डिसेंबर १९४७ मध्ये, आणि नॉइसचे फिजिक्सचे सर ग्रँट गेल यांनी तो विषय लवकरच आयोवातल्या त्या छोट्या गावात वर्गात शिकवायला घेतला. याच पोराने हॉस्टेलच्या पार्टीसाठी जवळच्या शेतावरचं डुक्कर चोरलं होतं, त्या काळी तिकडे हा गंभीर गुन्हा, जेलच व्हायची, पण गेल सर आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले आणि एका सेमिस्टरसाठी बाहेर काढण्यावर निभावलं. तिथल्या सायन्स बिल्डिंगला आज नॉइसचंच नाव आहे. मला या गोष्टीत ट्रान्झिस्टरइतकंच महत्त्वाचं वाटतं ते सर त्याच्यासाठी उभे राहिले हे. तुम्ही तिथे जाऊन शोधायचं आहे ते हेच, आपल्या मुलीला ओळखणारं, तिच्यासाठी फोन उचलणारं कुणी तिथे असेल का.

आता दौऱ्याचं. तुमची एप्रिलची सुट्टी चांगली आहे कारण कॉलेजांचे स्प्रिंग ब्रेक बहुतेक मार्चमध्ये उरकलेले असतात. तरी तिकीट काढण्याआधी प्रत्येक कॉलेजचं अकॅडमिक कॅलेंडर उघडून बघाच. कार्लटनमध्ये तर सेमिस्टर नाहीत, दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात, त्यांचं वेळापत्रक बाकीच्यांशी जुळत नाही, आणि थँक्सगिव्हिंगपासून जानेवारीपर्यंत तिथे सामसूम असते. मुलं नसलेलं कॉलेज बघण्यात काहीच अर्थ नाही, शनिवारी दुपारी तर नाहीच नाही. आणि माझं ऐकाल तर आधी स्वॉर्थमोर करा, फिलाडेल्फियाच्या बाहेरच आहे, सकाळी निघून रात्री घरी. पहिल्या भेटीत सगळेच गडबडतात, काय विचारायचं सुचत नाही, ती गडबड घराजवळ होऊन जाऊ दे. मग मिनियापोलिसला उतरून नॉर्थफील्डला कार्लटन, तिथून गाडीने खाली ग्रिनेल, चारेक तास लागतील. एका दिवसात दोन कॉलेजं कोंबू नका, संध्याकाळपर्यंत दोन्हींची खिचडी होते.

अ‍ॅडमिशन ऑफिसच्या वेबसाइटवर भेटीची नोंद मुलीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून करायची. काही कॉलेजं मुलाने किती रस दाखवला हे निर्णयात धरतात, काही अजिबात धरत नाहीत. कोण धरतं हे कॉमन डेटा सेट नावाच्या कागदात असतं, जवळपास प्रत्येक कॉलेज तो दरवर्षी टाकतं, त्यात सी-७ नावाचा तक्ता आहे त्याची शेवटची ओळ बघा. त्याच कागदात आय-३ मध्ये किती वर्ग वीसच्या आतले आहेत हेही सापडेल, म्हणजे टूरवर तो प्रश्न विचारण्यात वेळ घालवायला नको.

टूर आणि माहितीचं सेशन घ्या, पण ते फक्त सुरुवात समजा. टूर देणारी मुलगी उलटं चालत चालत गोड बोलते, तिचं कामच आहे ते. खरी भेट त्यानंतर. वर्गात बसायला मिळतं का हे आधीच विचारून ठेवायला सांगा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. वर्गात प्रोफेसर नाही, मुलं बघायची. कोणी चुकीचं उत्तर द्यायला घाबरतंय का, एकच मुलगा सगळं बोलतोय का, तास संपल्यावर कोणी थांबतंय की सगळे दाराकडे पळतायत.

मग केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये नुसतं चक्कर मारा. मी एका कॉलेजात अशीच हिंडत होते, भिंतीवर रिसर्चची पोस्टर्स लावलेली, प्रत्येकावर दोन-तीन नावं, आणि त्यातलं पहिलं नाव विद्यार्थ्याचं, खाली प्रोफेसरचं. एका दाराबाहेर मुलांनी बसायला जुना सोफा टाकलेला, त्यावर कोणाचं तरी स्वेटर पडलेलं, आणि दारावर कागद, त्यात वेळा आणि त्यापुढे पेनाने लिहिलेली मुलांची नावं, खाडाखोड करून, एकाने तर जागा नाही म्हणून मार्जिनमध्ये घुसवलेलं. मला कळलं की इथे मुलं खरंच सरांकडे जातात. दुसऱ्या एका कॉलेजात तसाच कागद होता, पण कोरा, आणि त्यावरची तारीख तीन महिने जुनी. माहितीपत्रकात दोघांनीही एकच वाक्य छापलेलं होतं.

जेवण कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्येच घ्या, बाहेर नको. ती शाकाहारी असेल तर तिला चार वर्षं काय मिळणार ते तिथेच दिसेल. आजूबाजूला कोण कोणाबरोबर बसलंय, आपल्यासारखी दिसणारी मुलं एकाच टेबलावर आहेत की सगळीकडे मिसळलीत, हे तिला बघू द्या, मुलींना हे न सांगताही दिसतं. शक्य असेल तर तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात बसा आणि तिला एकटीला कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बसू द्या.

हा मुद्दा जरा जोर देऊन सांगते कारण इथेच आपले पालक चुकतात, आणि प्रेमापोटी चुकतात. एकदा एका मुलाबरोबर आणि त्याच्या बाबांबरोबर मी गेले होते. प्रोफेसर बाईंनी मुलाला विचारलं, सध्या कशात डोकं घातलंयस? मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी त्याचे एपीचे (शाळेत असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) मार्क, ऑलिम्पियाड, तबल्याच्या परीक्षा सगळं सांगून टाकलं. बाई पूर्ण वेळ मुलाकडेच बघत होत्या, वाट बघत. तो बुटाच्या लेसकडे बघत होता. मग बाईंनी बाबांना लायब्ररी बघून यायला सुचवलं, आणि पंधरा मिनिटांनी आम्ही परत आलो तेव्हा तो फळ्यावर काहीतरी काढून दाखवत होता आणि दोघं हसत होते. तो मुलगा घरी सोल्डरिंग करून रेडिओ बनवायचा, हे त्याच्या बाबांच्या यादीत नव्हतंच.

म्हणून प्रोफेसरांशी, विद्यार्थ्यांशी बोलणं तिचं. तिने विचारण्यासारखे दोन प्रश्न मात्र तुम्ही आधी तिच्या कानावर घाला. वरच्या वर्गाचे कोर्स दरवर्षी असतात की वर्षाआड, कारण छोट्या डिपार्टमेंटमध्ये शिकवणारी माणसं मोजकी, त्यातले एक जण सबॅटिकलवर, म्हणजे रिसर्चसाठीच्या लांब रजेवर, गेले की हवा तो कोर्स त्या वर्षी नाही. आणि थिएटर हा मुख्य विषय (मेजर) नसलेल्या मुलीला नाटकात काम मिळतं का, आणि लॅबची वेळ रिहर्सलला आडवी येते का. हे टूरवाल्या मुलीला नाही, नाटक करणाऱ्या मुलांना विचारायचं.

तुमचं काम वेगळं आणि महत्त्वाचं आहे. पैसा. या कॉलेजांचा छापील खर्च वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे आहे, पण बरीच घरं तेवढा भरत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे, तो विमानात बसायच्या आधी भरा, खरे आकडे टाकून. तुमच्या यादीतली तिन्ही कॉलेजं गरज असेल तेवढी पूर्ण मदत देतो म्हणतात, पण गरज किती हे तुम्ही नाही, ते ठरवतात, आणि दोन पगारांच्या घरात तो आकडा शून्यही येऊ शकतो. तेव्हा फायनान्शियल एड ऑफिसची वेगळी अपॉइंटमेंट घ्या, लेक कॅम्पसवर हिंडत असेल तेव्हा, आणि घराची किंमत धरता का, धाकटा कॉलेजला गेला की काय बदलतं, मेरिट स्कॉलरशिप असते का, हे स्पष्ट विचारा. आणि आपण वर्षाला किती देऊ शकतो हा आकडा दौऱ्यावर निघण्याआधीच लेकीला सांगा. कॉलेजच्या प्रेमात पडल्यावर सांगितलेला आकडा फार लागतो. अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा, फॉर्म बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, नोव्हेंबरमध्ये ती तो भरायचं म्हणेल, तेव्हा हा आकडा दोघांना माहीत असलेला बरा.

इंजिनिअरिंगबद्दल. स्वॉर्थमोरमध्ये आहे, पूर्ण डिग्री. इतर अनेक छोट्या कॉलेजांत ३-२ नावाची सोय असते, तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं एखाद्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये, पण प्रत्यक्षात फार थोडी मुलं ती पुरी करतात कारण चौथ्या वर्षी मित्रमैत्रिणींना सोडून जायचं जिवावर येतं. पण पत्रात मला लेकीची इंजिनिअरिंगची इच्छा कुठे दिसली नाही, ती तुमची दिसली. नोकरीची काळजी रास्त आहे. करिअर सेंटरला जाऊन गेल्या वर्षीची केमिस्ट्रीची मुलं कुठे गेली हे विचारा, वर्गच लहान असल्याने त्यांना जवळजवळ नावानिशी माहीत असतं, आणि ते गुळमुळीत उत्तर देत असतील तर तेही लक्षात ठेवा.

ग्रिनेल हे गाव दहा हजारांच्याही आतलं, सगळीकडे मक्याची शेतं, आणि हिवाळा कडक. एप्रिलमध्ये छान वाटेल, म्हणून जानेवारीबद्दल तिथल्या मुलांना विचारायला सांगा. काहींना तिथे घुसमट होते आणि काहींना तीच जवळीक हवी असते. आपली लेक कुठली हे तिलाच कळेल. दोन हजार मुलांच्या कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात, भांडण झालं तर लपायला जागा नसते, हेही खरंच आहे.

परतीच्या गाडीत तुम्ही पहिला अर्धा तास काही बोलू नका. कसं वाटलं असंही विचारू नका. तुमचं मत आधी आलं की तिचं मत त्याला उत्तर म्हणून येतं. ती बोलेल तेव्हा ऐका, आणि रात्री हॉटेलवर तिला फोनमध्ये दहा ओळी लिहून ठेवायला सांगा, कारण तीन कॉलेजांनंतर कुठला सोफा कुठला फळा काही आठवत नाही, आणि पुढे अर्जातल्या निबंधात 'हे कॉलेज का' या प्रश्नाला त्याच ओळी कामाला येतात. ज्या प्रोफेसरांनी वेळ दिला त्यांना तिने दोन ओळींचा ईमेल करायचा, तुम्ही तपासून द्यायचा नाही, स्पेलिंग चुकलं तरी चालेल.

धाकट्याला न्या, पण टूरला नको. आई त्याला घेऊन गावात फिरू दे. दहा वर्षांचं पोर दीड तास माहितीच्या सेशनमध्ये बसत नाही, आणि ताईचं सगळं लक्ष मग त्याला गप्प करण्यात जातं.