०.१२ शोधा, ०.०५ टाका?

प्रश्न : आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल काढणारं फंक्शन (कोडचा तुकडा) ६०० ओळींचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा कोडमध्ये ०.१२ (१२ टक्के) शोधून सगळीकडे ०.०५ (५ टक्के) केलं. आता जुन्या बिलांच्या क्रेडिट नोटा (माल परत आला की बिलाची रक्कम कमी करणारे कागद) चुकतात. सगळं नव्याने लिहावं का?

उत्तर : नको. त्या ६०० ओळींत गिऱ्हाइकांच्या जुन्या तक्रारींवरचे इलाज मुरलेले असतात. ते सगळे पुन्हा शोधावे लागतील.

खरा घोळ त्या ०.१२मध्ये आहे. एके ठिकाणी तो कर, दुसरीकडे घाऊक सवलतही असू शकतो. नाव नसलेल्या आकड्यावरून ते कळत नाही. शिवाय १२ टक्क्यांचा सगळा माल ५वर आलाच नाही, वह्या-पेन्सिली थेट शून्यावर गेल्या. दर कोडातून काढून टेबलात ठेवा : एचएसएन (मालाचा कोड), दर, कधीपासून, कधीपर्यंत. क्रेडिट नोटेने मूळ बिलाच्या तारखेचा दर उचलायचा.

हात घालण्याआधी ३०-४० छापलेली जुनी बिलं निवडा. सवलतीची, परताव्याची, आयजीएसटीची (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी), राउंड-ऑफची, सगळ्या तऱ्हांची हवीत. त्यांतले आकडे हेच बरोबर उत्तर धरून टेस्ट (कोडची आपोआप होणारी तपासणी) लिहा. १२ टक्क्यांच्या बिलांची टेस्ट दर टेबलात जाईपर्यंत चुकेलच, ती तशीच राहू द्या. मग फंक्शनमधून एकेक तुकडा वेगळा काढा : आधी कर, मग सवलत, शेवटी छपाई. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कमिट (बदलाची नोंद). आधीच्या उत्तरात एका पैशाचा फरक पडला तरी तिथेच थांबा. आणि तुकडे काढताना दर सुधारायचा मोह आवरा, टेबलाचं काम तुकडे निघाल्यावर. दोन्ही एकदम केलं की फरक कशामुळे पडला ते सापडत नाही.