पांढऱ्या भागात पांढरे डाग?

एका वाचकाचा प्रश्न: "आईच्या मेंदूच्या एमआरआयच्या अहवालात 'व्हाइट मॅटर'मध्ये 'टी-टू हायपरइंटेन्सिटी' असं लिहिलंय. घरी मी 'पांढऱ्या भागात पांढरे डाग' असं सांगितलं. बाबा म्हणाले, पांढऱ्यावर पांढरा डाग दिसेल कसा? आणि मायलिनला मराठीत मज्जा म्हणायचं का?"

बाबांची शंका अगदी रास्त आहे. इथे दोन निराळे पांढरे एकमेकांत मिसळलेत. श्वेतद्रव्यातला (म्हणजे 'व्हाइट मॅटर'मधला) 'श्वेत' हा डोळ्यांना दिसणारा रंग. मेंदूचा छेद घेतला की आतला भाग पांढुरका दिसतो, कारण तिथल्या मज्जातंतूंभोवती मायलिनचं स्निग्ध वेष्टण असतं. फिल्मवरचा पांढरा हा रंग नव्हेच, तो एमआरआय यंत्राला शरीरातून मिळणाऱ्या संकेताचा जोर. टी-वन आणि टी-टू या एमआरआय चित्र घेण्याच्या दोन पद्धती. टी-टू चित्र उजेडावर धरून पाहा: पाण्याने भरलेल्या पोकळ्या लख्ख, आणि हे 'श्वेत'द्रव्य करड्या द्रव्याहूनही गडद! टी-वन चित्रात तेच पुन्हा उजळ. मायलिन झिजलं की त्या जागी पाण्याचं प्रमाण वाढतं आणि टी-टूवर ठिपका उमटतो. (सुजेने, वयाने, रक्तदाबानेही उमटतो, म्हणून 'मायलिन गेलं' असा अर्थ घरच्या घरी लावू नये.) बाबांना सांगा, "श्वेतद्रव्यात टी-टू चित्रावर उजळ ठिपके आहेत." मेंदूसाठी पांढरा-करडा, चित्रासाठी उजळ-गडद, एवढं पाळलं की घोळ होत नाही.

'एमआरआयने मायलिन मोजलं' हेही जरा सैल बोलणं. मायलिनमधल्या चरबीचा संकेत इतक्या झटकन विरतो की नेहमीच्या तपासणीत तो हाती लागतच नाही. हाती लागतं ते पाणी. वेष्टणाच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा संकेत साधारण २० मिलिसेकंदांत ओसरतो, बाकीच्याचा ८०च्या आसपास. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या अ‍ॅलेक्स मॅके यांच्या गटाने १९९४ मध्ये याच फरकावरून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या मायलिनचा अंदाज बांधून दाखवला. त्या मापाला मी 'थरांतल्या पाण्याचा वाटा' म्हणेन. नेमकं तेच तर मोजतात.

आता मज्जा. व्युत्पत्ती तुमच्या बाजूने आहे. जर्मन वैद्यक-शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये मायलिन हे नाव दिलं ते ग्रीक 'मायेलॉस'वरून, म्हणजे हाडातला मगज. आपली मज्जा जशी अस्थिमज्जेत आणि मज्जारज्जूतही, तसाच हा ग्रीक शब्दही दोन्हीकडे फिरतो. पण मज्जा म्हणजे आतला गर, आणि मायलिन तर तंतूच्या बाहेरून गुंडाळलेलं. शिवाय मज्जातंतूभोवती पुन्हा मज्जा म्हटल्यावर ऐकणाऱ्याने काय समजावं? मी 'मायलिन'च लिहिते, आणि पहिल्यांदा येतं तिथे 'तंतूवरचं स्निग्ध वेष्टण' एवढं जोडते.