दुधाचे खाडे आणि डा.पु.

"मॅडम, मला वेडी समजू नका, पण मी कुत्र्यासाठी आलेय," असं म्हणत काकू खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. पर्स मांडीवरच. उठून जायची वेळ आली तर पटकन जाता यावं, अशी बैठक.

मी समुपदेशक. आमच्याच गल्लीत एक पशुवैद्य आहेत. ते अधूनमधून माझ्याकडे माणसं पाठवतात. बहुतेक जण येतात ते कुत्रं गेल्यानंतर, आणि त्या दुःखाला घरात कुणी दुःख म्हणत नाही म्हणून. काकूंच्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र दोनच ओळी होत्या : 'कुत्रा ठीक आहे. मालकिणीला झोप नाही.' (ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

बादल, जर्मन शेफर्ड, नर, वय आठ महिने, वजन सत्तावीस किलो. मूळचा मुलाचा. मुलाला बेंगळुरूत नोकरी लागली, तिथल्या फ्लॅटवर कुत्रा चालत नाही, म्हणून सहाव्या महिन्यात बादल काकूंकडे नाशिकला आला. एक दिवस सकाळी उठला तो डावा पुढचा पाय टेकेना. पंजात काटा नाही, गोचीड नाही, नख तुटलेलं नाही. पाच दिवसांनी आपोआप बरा. आठवडा गेला आणि उजवा मागचा पाय धरला. एक्स-रे काढला, साफ. रक्त तपासलं, गोचीडतापही नाही. डॉक्टर म्हणाले, "वाढीचं दुखणं दिसतंय, काळजीचं काही नाही. थोडी वाट बघू."

"काही नाही म्हणजे काय हो?" काकूंनी मला विचारलं.

हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. पिल्लू लंगडतंय, कारण सापडत नाही, डॉक्टर वाट बघा म्हणतात. मग ही वाट बघायची कशी?

पहिल्या भेटीत मी चूक केली. मला त्या दुखण्याची माहिती होती, ती सगळी देऊन टाकली. याला पॅनोस्टायटिस म्हणतात. मोठ्या जातीच्या, भराभर वाढणाऱ्या पिल्लांना होतं, साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. जर्मन शेफर्डमध्ये सगळ्यात जास्त, आणि माद्यांपेक्षा नरांना अधिक. पायाच्या लांब हाडांच्या आत, मज्जेच्या पोकळीत दाह होतो. सांध्यात नव्हे, हाडाच्या दांड्यात. म्हणून तर डॉक्टर सांधा हलवून बघतात आणि शिवाय हाडाच्या मधोमध अंगठ्यानं दाबूनही बघतात. पिल्लू तिथं कळवळतं. आज हा पाय, पुढच्या पंधरवड्यात तो, असं ते फिरत राहतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, ते नंतर उमटतं. आणि एक्स-रे किती वाईट दिसतो यावर पिल्लू किती लंगडेल हे ठरत नाही. नेमकं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. वाढ पुरी होता होता ते आपोआप थांबतं.

काकू मान हलवत होत्या. एकदा वहीत टिपूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन : "मॅडम, पण काही नाही म्हणजे नक्की काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो प्रश्न बादलचा नव्हताच.

दुसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, "काकू, हे 'काही नाही' याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं?"

त्यांनी पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. मग काकांबद्दल बोलल्या. काकांची पाठ दुखायची. वयाचं आहे, काही नाही, शेक घ्या, असं चार महिने चाललं. चार महिन्यांनी कळलं तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. "मी तेव्हा गप्प बसले. डॉक्टर म्हणतायत ना, मग बरोबरच असेल म्हटलं. आता परत तेच ऐकतेय." मी काही बोलले नाही. पाणी दिलं.

अशा माणसाला 'घाबरू नका' म्हणणं म्हणजे तीच जखम पुन्हा उघडणं. काकूंना धीराची गरज नव्हती. यावेळी आपण गप्प बसलेलो नाही याची त्यांना खात्री हवी होती. ती खात्री त्या मिळेल तिथून गोळा करत होत्या, हे तिसऱ्या भेटीत दिसलं. मी सांगितलं होतं, बादलला काय काय देता ते सगळं घेऊन या. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. कॅल्शियम सिरपची मोठी बाटली, शेजारच्या वहिनींनी सांगितलेली. हाडं मजबूत करणारी पावडर, दूधवाल्यानं सुचवलेली. झंडू बाम. आणि काकांच्या औषधांच्या डब्यातून उरलेली वेदनाशामक गोळ्यांची अर्धी पट्टी.

"ही दिलीत?"

"अजून नाही. काल रात्री अर्धी तोडून हातात घेतली होती. तो कण्हत होता हो."

ती पट्टी मी तशीच माझ्या खणात टाकली. हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथंही लिहिते : माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, कुठलीच नाही. अर्धी नाही, पावही नाही. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत जातं. वेदनाशामक मलमही नको, कुत्रा ते चाटणारच. (डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 साली बंद झालं ते गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून. घराघरांतल्या डब्यांत मात्र ते आहेच.) दुखणं जास्त असेल तर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं असतात, ती वजन पाहून पशुवैद्य देतात. काकूंनी ती मागितलीच नव्हती. "विचारलं तर त्यांना वाटेल मी फारच करतेय."

कॅल्शियमचं तर आपल्याकडे वेडच आहे. पिल्लू आणलं की बाटली आलीच. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दहीभातावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, अशी पिल्लं मी पाहिली आहेत. पण बादल मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्य खात होता. त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. त्यावर सिरप, त्यावर पावडर, त्यावर अर्धा लिटर दूध. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. 'कमी पडू नये' म्हणून घातलेलंच असं नडतं. मी बाटल्या बंद करा म्हटलं नाही, तो माझा अधिकार नाही. त्या पिशवीसकट डॉक्टरांकडे जा म्हटलं. डॉक्टरांनी सिरप आणि पावडर दोन्ही बंद केली, खाण्याचं मापही कमी केलं. बादल जरा गुबगुबीतच होता.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं," काकू.

नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पॅनोस्टायटिस सिरप न दिलेल्या पिल्लांनाही होतं, सगळं पुस्तकाबरहुकूम करणाऱ्या घरांतही होतं. पण काकूंना शिक्षा हवीच होती, आणि ती का, हे आणखी एका गोष्टीतून कळलं. मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. गेला महिनाभर काकू फोन उचलण्याआधी बादलला सोफ्यापुढे बसवत होत्या आणि मोबाइल अशा उंचीवर धरत होत्या की त्याचं फक्त तोंड दिसावं. मागे उशी. पाय चौकटीबाहेर. मुलगा म्हणायचा, "आई, याला जरा चालवून दाखव ना." काकू म्हणायच्या, "आत्ताच जेवलाय."

"त्यानं विश्वासानं ठेवलाय माझ्याकडे. दुसऱ्याची ठेव लंगडी झाली तर तोंड कसं दाखवायचं?"

मी त्यांना लगेच मुलाला सांगा म्हटलं नाही. आधी हाताला काम दिलं. डॉक्टरांना विचारून आम्ही ठरवलं की काय बघायचं आणि कुठं लिहायचं. वही नको म्हणाल्या, वहीची धास्ती वाटते. स्वयंपाकघरात कालनिर्णय होतं. त्यात दुधाचे खाडे लिहायची तीस वर्षांची सवय. त्याच चौकटीत कोपऱ्यात कुठला पाय ते लिहायचं. डा.पु. म्हणजे डावा पुढचा, उ.मा. म्हणजे उजवा मागचा. शेजारी जेवला की नाही. अंग तापलंय वाटलं तर तेही. लंगडत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, एक समोरून, एक बाजूनं. कारण दवाखान्यात शिरलं की कुत्रा घाबरून लंगडणंच विसरतो, आणि माणूस तिथं खोटा पडतो. काकू दोनदा तशा खोट्या पडल्या होत्या.

घरातही थोडं बदललं. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आल्या, खाली रबराची जाळी टाकून, नाहीतर सतरंजीसकट कुत्रा घसरतो. शेजारचा मुलगा स्कूटरबरोबर बादलला पळवायचा, ते बंद. पट्टा लावून थोडं थोडं चालणं, दुखऱ्या दिवसांत तेही अगदी कमी. सोफ्यावरून उड्या नाहीत, हे बादलला कधीच मान्य झालं नाही.

आणि कधी थांबायचं नाही, हेही लिहून घेतलं. यासाठी काकूंनी मागून एक कागद घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. पाय अजिबात टेकत नसेल, सूज दिसली, पाय वाकडा दिसला, ताप आला, दोन वेळचं खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, किंवा एकच पाय दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिला तर फोन न करता थेट जायचं. खुब्याचा किंवा कोपराचा सांधा नीट न बसणं, खांद्यातल्या कूर्चेचा तुकडा सुटणं, ही दुखणीही याच वयात सुरू होतात, पण ती पाय बदलत फिरत नाहीत, आपापल्या सांध्याला धरून बसतात. तो कागद लागल्यावर काकू रात्री दोनला उठून बादलच्या नाकापुढे हात धरायच्या थांबल्या. मी तसं करू नका म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात उजवा पुढचा आला. काकूंचा मेसेज : 'उ.पु. जेवला.' बस, एवढंच. त्याच रात्री त्यांनी मुलाचा फोन उचलला आणि मोबाइल खाली नेऊन बादलच्या पायांवर धरला. त्यांनी पाठ केलेलं वाक्य होतं, आम्ही मिळून तयार केलेलं : "हा महिनाभर लंगडतोय, मी तुला सांगितलं नाही, चुकलं माझं." ते वाक्य पुरं झालंच नाही. मुलगा पलीकडे गप्प, मग म्हणाला, "आई, माझ्याकडे होता तेव्हा पाचव्या महिन्यात पण चार दिवस लंगडला होता. तू घेणार नाहीस म्हणून बोललो नाही."

हे सांगताना काकू इतक्या हसल्या की चहा सांडला. डॉक्टरांना हे कळवल्यावर ते जरा वैतागले आणि मग खूशही झाले, कारण आठव्या महिन्यात अचानक सुरू झालेलं दुखणं आणि पाचव्या महिन्यापासून पाय बदलत आलेलं दुखणं यात त्यांच्या दृष्टीनं फरक होता. सहा आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या पोकळीत पांढुरके धुरकट ठिपके दिसले. काकूंनी तो एक्स-रे मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवला, दहावीचा निकाल दाखवावा तसा.

काकांबद्दल आम्ही त्यानंतरही चार वेळा बोललो. ते इथं लिहीत नाही.

परवा काकूंनी मार्चच्या पानाचा फोटो पाठवला. बादल आता सव्वा वर्षाचा. महिनाभरात एकच डा.मा., तोही तीन दिवस. एकोणीस तारखेच्या चौकटीत लिहिलंय : 'दूध नाही. पाय ठीक. तुळस उकरली.'