तटस्थ कोण? आधी कावळ्याला विचारा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संचालक (कंडक्टर) विल्हेल्म फुर्टवेंगलर नाझी राजवटीत देश सोडून गेला नाही, पण पक्षातही शिरला नाही. त्याच्याबद्दल मराठीत लिहायचं तर त्याला 'तटस्थ' म्हणावं, 'अलिप्त' की 'उदासीन'?

'अलिप्त' लगेच बाद. लेप लागला नाही तो अलिप्त. फुर्टवेंगलरने १९३३ साली हिटलरचा साथीदार गोअरिंग याने देऊ केलेलं प्रशियाच्या राज्यपरिषदेचं पद घेतलं, राइशच्या, म्हणजे नाझी राज्याच्या, संगीत मंडळाचा तो उपाध्यक्ष झाला, आणि त्याचा वाद्यवृंद पुढे प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याच्या पैशावर चालला. लेप चांगला जाड होता.

'उदासीन'ही नको. हल्ली हा शब्द खिन्न माणसाला लावतात, ते सोडाच. कौटिल्याचा उदासीन राजा भांडणाबाहेर असतो खरा, पण मनात आणलं तर कुणालाही तारण्याची किंवा चिरडण्याची ताकद त्याच्यात असते. हातात फक्त छडी असलेल्या माणसाला ही पदवी झेपत नाही.

राहिला 'तटस्थ'. या शब्दाचे सध्या जे हाल चालले आहेत ते ऐकवत नाहीत. 'कलावंत तटस्थच असतो' हे वाक्य चर्चेत कुणीतरी टाकतो आणि बाकीचे माना डोलावतात, जणू तटस्थ म्हणजे सोवळ्यात बसलेला. तट म्हणजे काठ, त्यावर उभा तो तटस्थ, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही.

खरी मौज वेदान्तात आहे. तिथे वस्तू ओळखण्याच्या खुणा दोन प्रकारच्या: स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण. दुसऱ्याचा ठरलेला दाखला असा. देवदत्ताचं घर कोणतं? ज्यावर तो कावळा बसलाय ना, ते. कावळा हा घराचा वासा नाही की कौल नाही. तो भुर्रकन उडाला तरी घराचं काही बिघडत नाही. पण वाटसरूला देवदत्ताचं दार सापडलं ते त्याच्यामुळेच. म्हणजे तटस्थ तो, जो वस्तूचा भाग नसतो पण वस्तूकडे बोट दाखवतो! हा अर्थ आपण पोथ्यांत कोंडून ठेवला आणि बाहेर त्या गुळमुळीत काठाला कवटाळून बसलो.

आता फुर्टवेंगलरकडे बघा. एप्रिल १९३३मध्ये त्याने गोबेल्सला जाहीर पत्र लिहिलं: मला चांगली कला आणि वाईट कला एवढीच रेषा मान्य आहे. ज्यू वादकांची बाजू त्याने घेतली, अनेकांना पुढे मदतही केली. नोव्हेंबर १९३४मध्ये नाझींना नकोशा झालेल्या हिंदेमिथ या संगीतकारासाठी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि डिसेंबरात पदं सोडली. इथवर हिंमतच होती. मग १९३५च्या वसंतात 'तो लेख निव्वळ संगीतापुरता होता' असा खुलासा करून स्वारी पुन्हा मंचावर. एप्रिल १९४२मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याने बेटहोवनची नववी सिम्फनी वाजवून घेतली, शेवटी गोबेल्सने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला, आणि हे सगळं चित्रफितीत आलं. घर कुणाचं ते जगाला दिसलं. कावळ्याच्या मनात काय होतं हे तपासत बसणारे चरित्रकार मला म्हणूनच कंटाळवाणे वाटतात. खूण मनातून चालत नाही, बसल्या जागेवरून चालते, आणि कलावंताची जबाबदारी मी तिथेच मोजतो. एरिख क्लायबर ज्यू नव्हता, त्याने डिसेंबर १९३४मध्ये बर्लिनच्या ऑपेराचा राजीनामा दिला आणि देश सोडला. व्हायोलिनवादक अडोल्फ बुशही ज्यू नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या या गृहस्थाने १९३३च्या एप्रिलपासूनच जर्मनीत वाजवणं बंद केलं. या दोघांना तटस्थ कोण म्हणेल?

जुन्या मराठीत 'तटस्थ झाला' म्हणजे थक्क झाला, जागच्या जागी खिळला. कोशकार हाही अर्थ काठावरूनच ओढून आणतात. काठावर उभ्या माणसाने थक्क का व्हावं, हे एकही महाभाग सांगत नाही. मला इथे आपल्या 'तटणे' या क्रियापदाचा हात दिसतो. गाडी चिखलात तटते, बैल चढावर तटून बसतो. संस्कृत शब्द मराठीच्या तोंडी आला आणि शेजारच्या क्रियापदाने त्याला आपल्या अर्थाकडे ओढला. याला लोकव्युत्पत्ती म्हणून नाकं मुरडली जातात. खुशाल मुरडा. लोकांनी शब्द वापरून त्याचा अर्थ वळवला तर तो वळलाच, पाणिनीची सही लागत नाही. शिवाय गावात दोन 'तट' पडतात तेव्हा त्यातल्या एकात उभा असलेला इसमही अक्षरशः तटस्थच की!

युद्धानंतर, १९४६ साली जर्मनीत नाझींना कितपत साथ दिली त्यावरून माणसांची वर्गवारी झाली: मुख्य अपराधी, अपराधी, कमी अपराधी, सोबत धावणारे (जर्मनमध्ये 'मिटलॉयफर') आणि निर्दोष. पाच खाने, आणि त्यांत तटस्थांसाठी एकही नाही. नाझींसाठी चित्रपट करणारी लेनी रीफेनश्टाल 'सोबत धावणारी' ठरली. ('सहप्रवासी' असं भाषांतर कुणी करू नये, प्रवासाला तिकीट काढून ऐटीत बसता येतं, इथे धाप लागते.) फुर्टवेंगलर डिसेंबर १९४६मध्ये या चौकशीतून सुटला आणि मे १९४७मध्ये पुन्हा बर्लिनमध्ये उभा राहिला.

तेव्हा तुमच्या लेखात 'तटस्थ' जरूर लिहा, पण कावळ्याच्या अर्थाने, आणि तसं वाचकाला सांगून. ते जमत नसेल तर सरळ 'पक्षाचा सदस्य नव्हता' असं लिहा, तेवढं निर्विवाद आहे. आणि भाववाचक नाम हवं असेल तर 'तटस्थता' किंवा 'ताटस्थ्य'. 'ताटस्थता' असा शब्द नाही, तो छापणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.