हात कुणाचा, काम कुणाचं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, काल पुन्हा वाचला. भावाने बाळाच्या स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, धर्ममाता (श्रद्धेत त्याला सांभाळणारी) व्हायला तुला विचारलंय, आणि तू मला विचारतेस, "सर, आजीच्या अंत्यविधीला फादर जे बोलले त्यानंतर दोन वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. कोणत्या तोंडाने त्या बाळाला हातात घेऊ?" खाली आणखी एक ओळ आहे: "आणि तसल्या माणसाच्या हातून झालेल्या संस्काराला तरी काय अर्थ?"

त्या दुसऱ्या ओळीने माझी झोप उडवली. अगदी त्याच शब्दांत मी स्वतः एकदा बोललो होतो, आणि त्या बोलण्यावर अकरा वर्षं काढली होती.

तू माझ्याच वर्गात होतीस. दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, ओट्यावर बसून तुम्हाला काय शिकवलं? हात माणसाचा असतो, काम ख्रिस्ताचं असतं. संस्कारांबद्दल बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस, असं म्हणालो होतो ना? आणि तेच विसरलीस! रागावतोय, कारण तू हुशार आहेस. ज्याला समजतं त्याने विसरलं की जास्त लागतं.

डेट्रॉइटच्या त्या तरुण धर्मगुरूंची बातमी आठवते? त्यांच्याकडे आपल्याच स्नानसंस्काराचा घरगुती व्हिडिओ होता. त्यात डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) "मी तुला स्नानसंस्कार देतो" असं म्हणण्याऐवजी "आम्ही देतो" म्हणाले होते. २०२०च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं, की अशा शब्दांनी दिलेला संस्कार होतच नाही. मग त्या माणसाचा स्नानसंस्कार, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), ख्रिस्तप्रसाद आणि गुरुदीक्षा, सगळं पहिल्यापासून झालं. तू तेव्हा मला लिहिलं होतंस, "सर, एका शब्दावरून इतका काथ्याकूट?" मी फक्त हसरं चित्र पाठवून गप्प बसलो. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देतो.

तो "मी" कुणाचा आहे? फादरांचा नाही. "आम्ही" म्हटलं की कुटुंब आलं, गाव आलं, जमलेली माणसं आली, आणि पाणी त्यांनी दिल्यासारखं झालं. "मी" म्हणताना त्या माणसाच्या तोंडून ख्रिस्त बोलतो. कन्फेशनमध्ये "मी तुला पापमुक्त करतो" म्हणतात तेव्हाही तोच. वेदीवर भाकर हातात घेऊन "हे माझं शरीर आहे" म्हणतात, तेव्हा आपल्याला वाटतं का, की हे फादरांच्या शरीराबद्दल चाललंय? नाही ना? मग तिथे जे इतकं सहज मानतेस ते इथे का अडतं? शतकानुशतकं चर्च या एका "मी"ला जपत आलंय, ते आपला धर्म फादरांच्या स्वभावावर टांगलेला राहू नये म्हणून.

हा तुझा-माझा नवा प्रश्न नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत याच प्रश्नावरून चर्च उभं फाटलं. रोमन छळाच्या काळात काही बिशपांनी भीतीने पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर दोनातुस नावाच्या बिशपाच्या मागे गेलेले लोक म्हणू लागले, की अशा भेकडांच्या हातून झालेले संस्कार रद्द. त्यांचं दुखणं खरं होतं; त्यांच्यातल्या कित्येकांनी घरची माणसं गमावली होती. तरी हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले. त्यांचं सांगणं असं, की स्नानसंस्कार येशूचा पट्टशिष्य पेत्र देवो की त्याला दगा देणारा यहुदा देवो, देणारा ख्रिस्तच. यहुदाचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलंय, पोरी.

आपल्या वसईचंच बघ. आपल्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी पडलं ते १६व्या शतकात, पोर्तुगीज अमलात. ते ओतणारे सगळे हात निर्मळ होते, त्यांच्यामागे सत्तेचा जोर नव्हता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या आईने रोज संध्याकाळी घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली ती त्याच पाण्यातून आलेली, आणि ती खोटी होती असं मला कुणी सांगू नये.

एक सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या बोलण्याचा भलता अर्थ लागणार नाही. फादर चुकले तर गप्प बस, असं मी म्हणत नाही. दुखावणारं बोलले असतील तर त्यांना तोंडावर सांग, नाहीतर बिशपांना लिही. कुणी त्याहून वाईट वागत असेल तर पोलिसांत जा, मी सोबत येईन. माणसाशी भांड. पण त्या माणसाने ख्रिस्ताच्या वतीने जे तुझ्यापुढे धरलंय ते भांडणात फेकून देऊ नकोस. मी फेकलं.

ही गोष्ट वर्गात कधी सांगितली नाही. तरुणपणी सणाच्या खर्चाचा हिशेब मागितला म्हणून तेव्हाच्या आमच्या फादरांनी मला भर मिस्सात, प्रवचनात नाव घेऊन झापलं. हिशेब मागण्यात माझं काही चुकलं नव्हतं, आजही मागेन. पण मी उठून बाहेर पडलो तो अकरा वर्षं परतलो नाही. मिस्सा नाही, कन्फेशन नाही. लोकांना सांगायचो, देवाशी माझं थेट बोलणं आहे.

मग बाबांना झटका आला. आयुष्यभर केळीच्या वाडीत राबलेला माणूस खाटेवर पडला, बोलणं गेलं. आई म्हणाली, "फादरांना बोलाव." मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. आईला सांगितलं, बाबा घाबरतील, त्यांना वाटेल आता शेवट आला. तेही चुकीचं होतं. १९७२च्या सुधारित विधीपासून चर्च सांगतंय, की रुग्णांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, गंभीर आजारी माणसाला बळ मिळावं म्हणून आहे. पण खरं कारण ते नव्हतंच. मला ते दार वाजवायचं नव्हतं.

तिसऱ्या पहाटे शेजारचा मुलगा मला न विचारता सायकलवरून गेला. फादर पायात चपला अडकवून तसेच धावत आले, हातात तेलाची कुपी. बाबांना जाऊन अर्धा तास झाला होता. मेलेल्या माणसाला तैलाभ्यंग देत नाहीत. त्यांनी कुपी खिशात ठेवली, गुडघे टेकले आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. भर चर्चमध्ये मला बोलणारा तोच माणूस.

देव संस्कारांनी बांधलेला नाही, ही चर्चचीच शिकवण आहे, आणि बाबा देवाच्या हाती आहेत यात मला शंका नाही. पण तैलाभ्यंगात कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. बाबांच्या तळव्यांना केळीच्या चिकाचे काळे डाग होते, घासून न जाणारे. त्या तळव्यांना तेल लागायला हवं होतं. ते माझ्या रागामुळे लागलं नाही. त्या वर्षी मी वर्ग घ्यायला लागलो. लोक म्हणतात, सर एकच गोष्ट उगाळतात. उगाळतो, आणि अजून उगाळेन!

आता बाळाकडे ये. धर्ममातेने सोळा वर्षं पूर्ण केलेली असावीत, दृढीकरण झालेलं असावं, आणि तिने श्रद्धेला धरून जगावं, मुख्यतः एवढं चर्च मागतं. पहिल्या दोन गोष्टी तुझ्याकडे आहेत. तिसरीसाठी एक कन्फेशन लागतं. त्याच फादरांकडे जा असं म्हणत नाही. वसईत चर्चना तोटा नाही. "माझं मन लागत नाही, मला काही जाणवत नाही" असंही लिहिलंयस. न जाणवू दे. महिन्याच्या बाळाला काय जाणवणार आहे? पाणी थंड लागेल, रडेल. तरी संस्कार होतोच ना? बाळ मरणाच्या दारात असेल तर दवाखान्यातली हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा पाणी ओतून, ते शब्द उच्चारून स्नानसंस्कार देऊ शकते; चर्च जे करू पाहतं तेच करण्याचा तिचा हेतू असला की पुरे. ख्रिस्त तिचा हात चालवून घेतो. मग तुझ्या हातांचं तुला एवढं काय घेऊन बसायचं?

शनिवारी संध्याकाळी, मिस्साच्या अर्धा तास आधी, आमच्या चर्चमध्ये नवे फादर कन्फेशनला बसतात. मी बाहेर आंब्याखालच्या बाकावर असेन, तू आलीस की आत जा. आणि बाळाच्या दिवसासाठी एक मऊ सुती टॉवेल आठवणीने ठेव, घरचे गडबडीत विसरतात आणि पोराचं डोकं ओलं राहतं.

तुझा,
सर