“मॅडम, आम्हाला आत टाकतील का?”

सून किंवा पत्नी पोलिसांत छळाची तक्रार देऊन आली की सासरच्या माणसांच्या तोंडी पहिला प्रश्न हाच असतो. कौटुंबिक समुपदेशनाचे काम करताना तो मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागची भीती खरी असते, हेही पाहिले आहे. गेल्या वर्षी भेटलेल्या एका कुटुंबाची हकिगत येथे त्यांच्या संमतीने मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पुण्याजवळच्या उपनगरातील निवृत्त वडील, आई आणि तिशीतला मुलगा असे तिघे आले होते. वडिलांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वीजबिलांच्या पावत्यांबरोबर ठेवलेली पोलीस ठाण्याची नोटीस होती. आईने एक कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. थोड्या वेळाने कळले की तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या, एक साडी आणि टॉवेल होता, कारण “नेलेच तर औषधाविना हाल नकोत” म्हणून ती आठ दिवस ही पिशवी भरून ठेवत होती. लग्न होऊन सांगलीला गेलेल्या मुलीचेही नाव तक्रारीत होते आणि तिच्या सासरी हे कळले तर काय होईल, या विचाराने त्या माउलीला झोप नव्हती.

मी आधी नोटीस वाचून दाखवली. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालची होती, म्हणजे अमुक दिवशी तपासासाठी हजर राहा, एवढेच तिच्यात म्हटले होते. पत्नीचा छळ हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ मध्ये होता आणि 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांसाठी तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. ‘अजामीनपात्र’ या शब्दाचा अर्थ जामीन मिळतच नाही असा लोक घेतात, पण प्रत्यक्षात जामीन हक्क म्हणून मागता येत नाही, तो देणे न्यायालयाच्या विचारावर असते, इतकाच तो अर्थ आहे. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो त्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात. याउलट, घाबरून घराला कुलूप लावून गावी निघून जाणे हेच अटकेचे कारण ठरू शकते, आणि वडिलांच्या मनात नेमके तेच होते. अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करायचा की नाही, हे वकिलाने कागद पाहून ठरवायचे, ते माझे काम नव्हे, हेही मी स्पष्ट सांगितले.

नंतर आईवडिलांना बाहेर बसवून मी मुलाशी बोलू लागले. “सगळी खोटी केस आहे” असे त्याने तीनदा म्हटले आणि चौथ्या वेळी खाली मान घालून म्हणाला, “एकदा हात उचलला होता.” मी त्याला तेथेच थांबवले. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने जे संरक्षण आहे, ते माझ्यासारख्या समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. म्हणून ही गोष्ट आजच वकिलाला जशीच्या तशी सांगा, त्याच्यापासून काही लपवू नका आणि फोनमधला एकही संदेश पुसू नका, असे मी त्याला सांगितले. माझे मत विचारतील त्यांना मी हेही सांगते की तक्रारीतला एखादा तपशील वाढवलेला असला तरी संपूर्ण तक्रार खोटी ठरत नाही, आणि पत्नीवर उगारलेला हात लहान होत नाही.

खरी अडचण मात्र पुढेच होती. माहेरी गेलेल्या सुनेबरोबर चार वर्षांची नात होती आणि या कुटुंबाने तिच्या शाळेची फी थांबवली होती. “पैसे दिले तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल,” असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गुन्ह्याचा खटला आणि कुटुंबाचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि पहिल्याच्या भीतीपोटी लोक दुसऱ्यात स्वतःचे नुकसान करून घेतात. मुलीचा खर्च उचलणे हा कबुलीजबाब नव्हे. तो बापाचा धर्म आहे आणि कायद्याचीही अपेक्षा आहे. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले आहे, त्यामुळे टाळाटाळीत गेलेला प्रत्येक महिना थकबाकी वाढवतो. आदेश होऊनही रक्कम दिली नाही तर वॉरंट निघते आणि तुरुंगवासही होऊ शकतो. ज्या तुरुंगाच्या धास्तीने आई पिशवी भरत होती, त्याच्याकडे मुलगा असा स्वतःच्या पावलांनी चालला होता.

“तिला वकील परवडतो कसा? पाठीमागे कोणीतरी आहे,” असे वडील म्हणाले. काका, स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, 1987 च्या कायद्यातच ती तरतूद आहे, असे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

फी बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर भरायची, पावती जपायची, आणि सुनेला परस्पर फोन किंवा निरोप करायचा नाही, असे ठरले. जामिनात तक्रारदाराशी संपर्क न ठेवण्याची अट घातली जाऊ शकते आणि माफीचा फोनसुद्धा दबाव समजला जाऊ शकतो. पुढे सुनेने घटस्फोटाचा अर्ज केला, त्यात मुलाने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलीच्या भेटीची मागणी केली आणि महिन्यातून दोन शनिवारी न्यायालयातच भेट ठरली. पहिल्या भेटीत ती आईचा पदर सोडत नव्हती. तिसऱ्या भेटीत तिने वडिलांच्या हातून खडू घेतला आणि मांजर काढले.

नोटिशीला चौघेही हजर राहिले आणि कोणालाही अटक झाली नाही. दोषारोपपत्र दाखल झाले आहे. नणंदेचे नाव वगळावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आहे, कारण तिच्याविरुद्ध तारीख, प्रसंग असे काही ठोस लिहिलेले नाही आणि नातेवाइकांवरच्या अशा मोघम आरोपांवर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये आक्षेप घेतला आहे. उभयतांत तडजोड झालीच तर हा गुन्हा नुसत्या आपसातल्या लेखी करारावर मिटत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी उच्च न्यायालयाकडूनच तो रद्द करून घ्यावा लागतो. मुलाची पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे आणि फी जूनपर्यंतची भरलेली आहे.