किल्ल्याच्या व्हिडिओची मतं एका रात्रीत कमी कशी झाली? ॲपवरचं हे मतदान चालतं तरी कसं?

बेळगावच्या शहापुरातल्या तुमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्याचा व्हिडिओ चॅलेंजला टाकला. रात्री 412 मतं होती, सकाळी 268. मतं चोरली का, असं तुम्ही विचारलंय.

चोरली नसावीत, गाळली असावीत. बटण दाबलं की दिसणारा आकडा लगेच वाढतो, छाननी मागाहून होते. एका फोनवर किती खाती, खातं कधी उघडलं, मत देण्याआधी व्हिडिओ किती सेकंद पाहिला, मतं किती वेगानं आली, हे त्यात बघतात. किल्ल्याजवळ रात्री काय होतं ते आठवा: एकच फोन हातोहात फिरतो, "काकू, ओटीपी आला काय बघा," करत दहा मिनिटांत त्यावर पंचवीस खाती उघडतात. माणसं खरी असली तरी सर्व्हरला फोन एकच दिसतो आणि सगळी मतं उडतात. माझ्या मते नियम बरोबरच आहे. (ओटीपी असा दुसऱ्याला सांगूच नये, ते वेगळं.) एका वायफायवरून मतं आली म्हणून मात्र घाबरू नका. मोबाइल डेटावर तर कितीतरी ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवरच्या जोडणीच्या नंबरामागे) असतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून मतं उडवणं ॲपलाच परवडत नाही.

वर चढायलाही नुसती मतं पुरत नाहीत. काही ॲप पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी मत दिलं ते मोजतात. 5 जणांनी पाहून 4 मतं म्हणजे 80 टक्के, 500 जणांनी पाहून 320 म्हणजे 64. तरी दुसराच वर हवा, कारण पाच जणांवरून काही ठरत नाही. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांचं 1927 मधलं सूत्र वापरतात; पाहणारे जितके कमी, तितके ते टक्क्यांतून जास्त गुण कापतं. त्यानं पहिल्याला साधारण 38 आणि दुसऱ्याला 60 गुण पडतात. म्हणजे न पाहता मत देणाऱ्यांपेक्षा पाहणारे वाढवा.

पुढच्या वेळी फोन उभा धरून 1080 बाय 1920 मध्ये काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ चढवू नका, तो दाबला जाऊन धूसर होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दिवेलागणीला स्क्रीनवर दिसणाऱ्या दरवाजातल्या पणतीवर बोट दाबून धरलं की उजेड तिथं लॉक होतो, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा डाग दिसतो. सुरुवातीलाच अख्खा किल्ला दाखवा, मंडळाचा बोर्ड शेवटी. सिनेमातलं गाणं लावलं तर हक्काच्या भानगडीत आवाज बंद होऊ शकतो. त्यापेक्षा एखाद्या पोरानं तट-बुरूज दाखवत माहिती सांगावी. कॅप्शन मराठीबरोबर कन्नडातही लिहा. भाषा बघून व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपमध्ये शेजारच्या कन्नड घरापर्यंत नुसती मराठी कॅप्शन पोचेलच असं नाही.

आता नियमांचं पान उघडून मत एकदाच की रोज एक, आणि परीक्षकांचे गुण किती टक्के, ते बघा. दोन्ही आकड्यांचे वेळेसकट स्क्रीनशॉट असतील तर ॲपमधूनच तक्रार करा. रागानं व्हिडिओ काढून परत टाकू नका, उरलेली 268 पण जातील.